बोडक्या खडकाची साय

जहाज कधी रिकामं चालत नाही.

माल उतरला की त्याचं अंग हलकं होतं, पोट पाण्याबाहेर येतं, शेपटाकडचा पंखा अर्धा उघडा पडतो. असं हलकं जहाज भर समुद्रात वाऱ्याच्या हाती सापडलं तर कलंडायचंच. म्हणून माल उतरत असतानाच तळच्या टाक्या उघडतात आणि ज्या बंदरात ते उभं असेल तिथलं पाणी पोटात घेतात. पुढच्या बंदरात माल चढू लागला की ते पाणी तिथं सोडून देतात. कोळसा ज्या वाटेनं येतो त्याच वाटेनं उलटं पाणी जातं.

देशातल्या प्रत्येक मोठ्या बंदराचं लेणं ठरलेलं आहे. कांडल्याला लाकडाचे ओंडके, तेल आणि मीठ. न्हावा शेव्याला रंगीत कंटेनरांचे डोंगर. मार्मागोव्याला खनिजाची लाल धूळ, तुतीकोरिनला मिठाच्या राशी, पारादीपला कोळसा. कोणत्या बंदरानं वर्षात किती माल हाताळला ते छापून येतं, स्पर्धा परीक्षेची मुलं ते पाठ करतात. कोणत्या खाडीचं पाणी कोणत्या बंदरात सुटलं, हे कुणी पाठ करत नाही.

मोरखोल बंदरातून जाणाऱ्या त्या पाण्यावर मंजुरीची सही करायचं काम प्रांजल नाखवाचं होतं.

मोरखोल म्हणजे रायगडच्या किनाऱ्यावरचं नवं बंदर. आधी तिथं खाडी होती, चाळीस घरांचा कोळीवाडा होता आणि सुकतीला उघडे पडणारे कालवांचे खडक होते. ते सगळं अजूनही होतं. फक्त कोळीवाड्याच्या अंगणात आता सकाळी क्रेनची सावली पडायची आणि माना उंच केल्याशिवाय सूर्य दिसायचा नाही.

दोन हजार त्रेचाळीस साली या बंदराचं नाव सगळीकडे झालं ते त्याच्या न्हाणीमुळे. समुद्रात उभ्या असलेल्या कोणत्याही वस्तूला शिंपले चिकटतात. जहाजाच्या तळाला त्यांची खरबरीत खपली धरली की जहाज जड चालतं, इंधन जास्त पितं. मग त्याला कोरड्या गोदीत चढवायचं, खरवडायचं, विषारी रंग फासायचा, आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा तेच. मोरखोलला हे सगळं संपलं होतं. इथं येणारं जहाज एका अरुंद वाटेतून आत यायचं आणि दोन्ही कडांच्या पाण्याखालच्या फवाऱ्यांतून त्याच्या तळावर एक बुळबुळीत थर बसायचा. थर जिवंत होता, जिवाणूंचा. त्यात विष नव्हतं. पण एकदा तो अंगावर बसला की जहाजाला शिंपलीचं पिल्लूदेखील चिकटत नसे. बंदर चालवणाऱ्या कंपनीनं त्याचं नाव ठेवलं होतं ‘निर्मळ’. ज्यांना मोरखोलला काही काम नव्हतं अशी जहाजंही वाट वाकडी करून इथं न्हाऊन जायची.

ते जिवाणू प्रांजलनं शोधले होते. खरं तर तिच्या आईनं दाखवले होते.

*

मोरखोलच्या बायकांची एक रीत आहे. पावसाळा ओसरला की जुन्या शिंपल्यांना भोकं पाडून त्या सुंभात ओवायच्या आणि खाडीतल्या खुंटांना बांधून पाण्यात सोडायच्या. घरात जितक्या मुली तितक्या माळा. कार्तिकातल्या उधाणाला, सुकती सगळ्यात खाली उतरते त्या सकाळी, माळा वर काढायच्या. जुन्या शिंपल्यांवर तोवर नव्या कालवांची बाळं बसलेली असतात, तांदळाच्या कणीएवढी. ती बघून मानाची बाई तिथंच त्या वर्षाची ओवी बांधते. पहिली ओळ तिची एकटीची. दुसरी ओळ तिनं उचलली की सगळ्याजणी तिच्याबरोबर उचलून धरतात. ओवी बांधल्याशिवाय माळ घरी न्यायची नाही.

सहा वर्षांपूर्वी प्रांजल मुंबईला समुद्रशास्त्र शिकत होती तेव्हा तिला या ओव्यांत सोनं सापडलं. कोणत्या वर्षी कोणत्या खडकाला किती कालवं बसली, तेल सांडलं त्या साली किती, मोठं वादळ झालं त्या साली किती, सगळं बायकांच्या तोंडी होतं. तिनं ओव्या रेकॉर्ड केल्या, कागदावर उतरवल्या आणि उतरवता उतरवता एक नियम बसवला: कामाची गोष्ट पहिल्या ओळीत असते. दुसरी ओळ चालीसाठी. तिच्यात बाया, सया, देवी आणि माहेर. प्रबंधात तिनं पहिल्या ओळी घेतल्या.

तिची आई कुंदा त्या दिवशी चुलीपुढं बोंबील परतत होती. परतता परतता तिनं म्हटलं,

‘बोडक्या खडकाला नाही कालवाचं लेणं,
त्याची साय गं बायांनो, नको खाडीला देणं.’

“ही कुठल्या सालची गं, आय?”

“ही सालाची नाय. ही पयल्यापास्नंची.”

“बोडका खडक कुठला?”

“देवीच्या मागचा. वरशी गोड्या पान्याचा झरा पडतो नाय का? त्याला कदी काय चिकटला नाय. माझी आजी त्याच्यावरची साय काढून होडीला चोळायची. होडी अशी गुळगुळीत, तुज्या बापाच्या टकलासारखी.”

“आणि खाडीला का द्यायची नाही?”

“नाय द्यायची म्हंजे नाय द्यायची. हात झऱ्यावर धुवायचा, खाडीत नाय. होडी पुरी सुकवायची, मग पान्यात.”

“पण का?”

“आजीला इचार की. वर जाऊन.” कुंदा हसली आणि बोंबलाचा एक तुकडा तिच्या हातावर ठेवला. “आता खा. कागद तेलकट नको करूस.”

प्रांजलनं पहिली ओळ लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी ती बोडक्या खडकावर गेली आणि काचेच्या नळीत साय भरून घेऊन आली. पुढच्या दोन वर्षांत तिला कळलं ते असं. कालवाचं पिल्लू जन्मल्यावर दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगत राहतं. मग त्याला घर हवं असतं. ते खाली उतरतं, खडकाला पाय लावून चाखतं. तिथं आपल्या जातीच्या शिंपल्याची खूण लागली तर अंगातला चिकट रस सोडतं आणि जन्मभरासाठी तिथं बसतं. खूण लागली नाही तर पुन्हा वर, पुन्हा दुसरीकडे. बोडक्या खडकावरचे जिवाणू ही खूणच खाऊन टाकत होते. पिल्लाला खडक लागायचा, पण घर लागायचं नाही.

एकच अडचण होती. हे जिवाणू गोड्या पाण्याच्या झऱ्याखालीच जगायचे. खारं पाणी लागलं की मरायचे. जहाजं तर खाऱ्या पाण्यात चालतात. मग प्रांजलनं मिठागरातल्या एका जिवाणूचा मीठ पचवणारा जनुक काढून यांच्यात घातला.

शोधनिबंध बाहेर पडला तेव्हा त्याच्या माथ्यावर ओवीची पहिली ओळ होती. कंपनीनं त्याचं पहिलं पान चौकटीत घालून कुंदाला दिलं, शाल दिली. चौकट देवाच्या फोटोशेजारी लागली. निबंध इंग्रजीत होता. पण मधोमध आपल्या आजीची ओळ देवनागरीत बसलेली कुंदाला वाचता यायची, आणि आल्यागेल्याला ती त्या ओळीवर बोट ठेवून दाखवायची.

*

न्हाणी सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. कार्तिकातल्या उधाणाला प्रांजल रजा टाकून आईबरोबर खडकावर गेली. तिची स्वतःची माळ होती तिथं, जन्मापासूनची.

सकाळचं ऊन कोवळं होतं. बायका चिखलातून साड्या वर खोचून चालल्या होत्या. गोमतीकाकी सगळ्यांत पुढं. कुंदाची ही चुलत जाऊ, जिभेला धार असलेली.

“मॅडम, चप्पल काडा,” गोमतीकाकी म्हणाली. “आमच्या खाडीला पन न्हाणी घालायची हाय का तुमाला?”

“काकी, तुमच्या जिभेला घालायला हवी आधी.”

“तिला काय चिकटत नाय गं. बग ना, दोन सुनांना बोलून पन तशीच हाय.”

बायका हसत खुंटांपाशी पोचल्या. पहिली माळ गोमतीकाकीनं ओढली. सुंभातून पाणी निथळलं. शिंपल्या वर आल्या, पांढऱ्या, लख्ख, नुकत्या घासल्यासारख्या.

हसणं थांबलं.

दुसरी माळ वर आली, तिसरी आली. सगळ्या तशाच. बोट फिरवलं तर सटकत होतं. कुंदानं प्रांजलची माळ काढली आणि एकेक शिंपली उलटी करून डोळ्याजवळ नेली. तिच्या हाताला बत्तीस वर्षांची सवय होती. न बघता नखाखाली कणी लागायची. नखाखाली काहीच लागलं नाही.

“माजी सासू सांगायची,” गोमतीकाकी हळू म्हणाली, “तिच्या लहानपनी पुरानं खाडी म्हयनाभर गोडी झाल्ती. तवा बोडक्या खडकाची साय सगळीकडं चढली. त्या वर्साला असाच झाल्ता. दाना नाय बसला. पन पुढं पानी खारा झाला न् साय मेली.”

प्रांजलच्या पायाखालचा चिखल थंड झाला. ही गोष्ट तिनं कधी ऐकली नव्हती. तिनं कधी विचारलीच नव्हती.

“कुंदा, मान तुजा हाय. बांध ओवी,” कुणीतरी म्हणालं.

कुंदानं मान हलवली. “काय झाला तं समजल्याबिगर कशी बांधू? ऱ्हाऊ द्या माळा हितंच.” मग ती लेकीकडं वळली. “तुज्या न्हाणीनं झाला का गं?”

“बघते, आय. तपासून सांगते.”

“तपास,” कुंदा म्हणाली. तिच्या आवाजात अजून विश्वास होता, आणि तेच ऐकवत नव्हतं.

*

तपासायला दुपार पुरली. प्रांजलनं बंदराच्या प्रयोगशाळेत कालवाची पिल्लं एका काचेच्या ताटलीत सोडली. तळाशी जुनी शिंपली होती आणि पाणी होतं खाडीतलं, न्हाणीपासून दोन मैलांवरचं. सूक्ष्मदर्शकाखाली पिल्लं उतरताना दिसली. पाय लावायची, थांबायची, जणू दाराशी येऊन कानोसा घ्यायची. मग उठून जायची. पुन्हा यायची, पुन्हा जायची. शेजारच्या ताटलीत साधं समुद्राचं पाणी होतं. तिथली पिल्लं एकामागून एक बसत होती.

निर्मळ न्हाणीच्या भिंतीत राहिलं नव्हतं. जहाजांच्या तळावरून त्याचे तुकडे सुटले होते, मीठ पचवत खाडीभर पसरले होते. आणि खाडीचं पाणी टाक्या भरभरून चाललं होतं. टाकीतल्या पाण्यावर जंतू मारायला अतिनील प्रकाश सोडतात. पण हा थर टाकीच्या पत्र्याला धरून बसायचा. वरचे जिवाणू मरायचे, खालचे जगायचे.

धक्क्यावर त्या क्षणी मेघांबरी उभी होती. पारादीपहून कोळसा घेऊन आलेली, दुपारच्या भरतीला परत पारादीपलाच निघालेली. कोळसा उतरला होता. टाक्या भरल्या होत्या. सहीसाठी कागद प्रांजलच्या पडद्यावर आला होता.

ती जिना चढून बंदराचे संचालक रणदिवे यांच्या खोलीत गेली.

रणदिवे मऊ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी ताटल्यांची छायाचित्रं नीट पाहिली, चष्मा काढला, पुसला.

“चहा घेणार, नाखवा मॅडम?”

“साहेब, मेघांबरीचं पाणी थांबवायला हवं. न्हाणीपण. आजच.”

“थांबवा. अधिकार तुमचाच आहे. फक्त कारणाचा रकाना भरावा लागेल.”

“भरते की. एका दुपारचा प्रयोग पुरेसा नाही म्हणतील, पण माझ्याकडे पन्नास वर्षांच्या नोंदी आहेत. एकही वर्ष असं नाही की खाडीत कालव बसलं नाही. तेल सांडलं तेव्हाही बसलं होतं.”

“कुठल्या नोंदी?”

“बायकांच्या ओव्या.”

“गाणी?” ते किंचित हसले. “पुरावा म्हणून?”

“पेटंटच्या अर्जात पहिल्या पानावर त्यातलीच ओवी आहे, साहेब. तेव्हा चालली.”

“ओवी नाही. एक ओळ.” रणदिव्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “मी कोकणातलाच आहे, मॅडम. ओवी एका ओळीची नसते हे मला ठाऊक आहे. दुसरी काय होती?”

प्रांजलनं टेबलावरची छायाचित्रं गोळा करायला घेतली.

“मी विचारत नाही. पण चौकशी समिती विचारेल. मूळ रेकॉर्डिंग मागवेल, तारखेसकट. त्यात दुसरी ओळ निघेल. तिच्यात काय आहे ते तुमच्या तोंडावर दिसतंय मला. मग प्रश्न असा होईल की शास्त्रज्ञ बाईंना सहा वर्षांपूर्वी धोक्याची सूचना मिळाली होती, ती त्यांनी स्वतःच्या हातानं गाळली आणि शोध पुढं रेटला. न्हाणी बंद होईल, ठीक. न्हाणीवर कामाला असलेली तुमच्या कोळीवाड्यातली एकोणीस मुलं घरी बसतील, तेही ठीक. तुरुंगात कोण जाईल? शोध माझ्या नावावर नाही.”

“मला ते भरीचं वाटलं होतं,” प्रांजल म्हणाली. स्वतःच्याच कानांना ते शाळकरी वाटलं.

“अर्थात. मलाही वाटलं असतं.” ते खरोखरच कळवळून बोलत होते. “घाई करू नका. महिनाभर शांतपणे अभ्यास करा. पक्कं झालं की आपण मिळून कळवू. एका जहाजानं काय होतंय?”

टेबलावरच्या वायरलेसमधून मेघांबरीचा कप्तान बोलला. “कंट्रोल, भरती चालली आमची. पाण्याची सही राहिलीय. मॅडम आहेत का?”

रणदिव्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. ते खिडकीतून खाडीकडं बघत राहिले, चहात साखर ढवळत.

प्रांजलनं खिशातून फोन काढला आणि सही केली.

याआधी तिनं अशा शेकडो सह्या केल्या होत्या. त्या पाण्यातही तेच होतं. पण तेव्हा तिला माहीत नव्हतं. मेघांबरीच्या वेळी माहीत होतं. जहाजाचा भोंगा झाला, तळघरातून आल्यासारखा, आणि चहा न घेताच ती खाली उतरली.

*

महिन्याचे तीन महिने झाले. अभ्यास चालू होता. प्रांजल आईकडं जायची टाळू लागली. कुंदाचा फोन आला की म्हणायची, “अजून निकाल यायचाय, आय.” खुंटांवर माळा तशाच लटकत होत्या. गोमतीकाकी कुंदाला रोज टोचायची, “माळा काय तुज्या तेराव्याला न्यायच्या का गं?” आणि कुंदा म्हणायची, “पोरगी तपासतेय. ती सांगल.”

माघात एका सकाळी प्रांजलच्या फोनवर पारादीपहून निरोप आला. तिथले पात्राबाबू, तिच्याच हुद्द्यावरचे, कधी न भेटलेले, फक्त कागदांवरच्या सह्यांनी ओळखीचे. त्यांनी एक फोटो पाठवला होता. बंदराच्या वाटेवर तरंगणारा लाल बोया, वर उचललेला, तळ आरशासारखा चकचकीत.

‘दर माघात यावरची शिंपल्यांची खपली काढायला आमची चार माणसं आठवडाभर खपतात. यंदा घासायला काही नाही! तुमचं निर्मळ आमच्याकडे फुकटात पोचलं वाटतं. अभिनंदन, मॅडम. विशाखापट्टणमचे लोकही हेच सांगत होते.’

खाली हसऱ्या तोंडाची तीन चित्रं होती.

प्रांजलनं फोटो मोठा केला. बोयाच्या तळाला कुठं एखादी कणी दिसते का, म्हणून कोपऱ्याकोपऱ्यातून बोट फिरवलं. मग तिनं जहाजवाहतूक खात्याच्या दिल्लीच्या कार्यालयाला पत्र लिहायला घेतलं. ताटल्यांची छायाचित्रं जोडली. पारादीपचा बोया जोडला. सहा वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग जोडलं, त्यात बोंबील परतल्याचा आवाज होता, आई हसल्याचा होता आणि दोन्ही ओळी होत्या. मेघांबरीच्या पाण्यावर आपण जाणूनबुजून सही केली हेही लिहिलं. पाठवल्यावर क्षणात उत्तर आलं, यंत्राचं: ‘आपली सूचना नोंदवण्यात आली आहे. क्रमाने विचार केला जाईल.’

त्या आठवड्यात सतरा जहाजं मोरखोलहून सुटणार होती, अकरा बंदरांसाठी.

*

कुंदा ओट्यावर जाळं शिवत बसली होती. लेकीला बघून तिनं सुई खाली ठेवली.

“आला का निकाल?”

प्रांजल आत गेली, देवाच्या फोटोशेजारची चौकट काढून घेऊन आली आणि आईच्या मांडीवर ठेवली.

“तूच वाच, आय. तुझी ओवी.”

कुंदानं नेहमीसारखं बोट ठेवलं. “बोडक्या खडकाला नाही कालवाचं लेणं.” बोट पुढं सरकलं आणि इंग्रजी अक्षरांवर अडलं. “फुडची इंग्रजीत केलीस ना?”

“नाही.”

“मंग कुटं हाय?”

“नाही लिहिली. मला वाटलं, ती चालीसाठी आहे.”

कुंदा चौकटीकडं बघत राहिली. इतकी वर्षं तिनं आल्यागेल्याला ही ओळ दाखवली होती. दुसरी खाली असणारच, आपल्याला वाचता येत नाही इतकंच, असं ती धरून चालली होती. लेक शिकलेली होती. शिकलेल्यानं अर्धं कशाला लिहावं?

“सायनं झाला?”

“सायनं. मी तिला मीठ पचवायला शिकवलं. आता ती मरत नाही. पुरासारखी निघून जाणार नाही.”

“आपल्याच खाडीत हाय ना पन?”

“पारादीपला पोचली. पार बंगालच्या समुद्रात. तिकडंही अशाच बायका असतील.” प्रांजलनं फोन काढून बोयाचा फोटो तिच्यापुढं धरला. “कार्तिकातच कळलं होतं मला, आय. त्याच दुपारी. तरी सही केली मी. मला भीती वाटली.”

ती आईच्या पायाशी बसली. लहानपणी चूक केली की कुंदा एक धपाटा घालायची आणि मग जवळ घ्यायची. प्रांजल त्या धपाट्याची वाट बघत होती. कुंदानं हात उचललाच नाही. तिनं चौकट पालथी करून ओट्यावर ठेवली, पदर खोचला आणि उठली.

“चल. सुकती लागली. बायांना हाक मार.”

खडकावर बायका जमल्या. माळा खुंटांवर वाळून कडक झाल्या होत्या, वाऱ्यानं एकमेकींवर आपटून वाजत होत्या. पलीकडं न्हाणीच्या तोंडाशी एक हिरवं जहाज आत शिरत होतं. प्रांजलच्या खिशात फोन थरथरला. रणदिवे. तिनं तो वाजू दिला.

“समजला का गं, कुंदा?” गोमतीकाकीनं विचारलं. आज तिच्या बोलण्याला धार नव्हती.

“समजला.”

“कशानं झाला?”

“ओवीत सांगते. ओवीत ऱ्हायला पायजे. फुडच्यांना कळाला पायजे.”

कुंदा पन्नाशी उलटलेली बाई. तिनं आजवर बांधलेल्या कितीतरी ओव्यांत प्रांजल होती: शाळेत पहिली आलेली, बोटीत न घाबरणारी, मुंबईला शिकणारी, दिव्यासारखी. तिनं लेकीची माळ दोन्ही हातांत उचलली आणि डोळे मिटून म्हटलं,

‘माळ वर आली, जशी सोडली तशी कोरी.’

मग ती थांबली. बायका दुसरी ओळ उचलायला सावरून उभ्या राहिल्या. कुंदाचा आवाज खाली उतरला.

‘कुणी पुसली गं खाडी? माझ्या पोटच्या पोरी.’

एकाही बाईनं तोंड उघडलं नाही. गोमतीकाकी चिखलाकडं बघत राहिली. ओवी अर्धी लटकली. रीतीप्रमाणं दुसरी ओळ उचलली गेल्याशिवाय ती पुरी होत नाही, आणि माळा तिथंच राहतात.

“कुंदा, असला आमच्या तोंडी नको घालूस,” शेवटी गोमतीकाकी म्हणाली. “पोर हाय ती आपली.”

“मी नाय घालत. ज्याची ओळ त्यानं उचलायची.” कुंदानं माळ प्रांजलच्या पुढं धरली. “म्हन.”

प्रांजलनं माळ हातात घेतली. शिंपल्या हलक्या होत्या, काहीच वजन नव्हतं त्यांना. जहाज न्हाणीतून पुढं सरकलं, त्याच्या तळाशी फवारे सुटल्याची मऊ सरसर पाण्यावरून ऐकू आली. बायका वाट बघत होत्या. तिनं एकदा आईकडं पाहिलं. आईनं नजर वळवली नाही, पण मदतही केली नाही.

चाल तिला लहानपणापासून पाठ होती. तिनं दुसरी ओळ उचलली आणि एकटीनं शेवटपर्यंत म्हटली.

मग बायकांनी आपापल्या माळा खुंटांवरून सोडवल्या आणि त्या घेऊन घरी निघाल्या.